शिल्लक पाणी

पहाटे साडेचार वाजता इडेला प्रेविटने फ्रीजरमधून चार बाटल्या काढल्या. आदल्या संध्याकाळी त्या अर्ध्या भरून आडव्या ठेवल्या होत्या, त्यामुळे बर्फ बाटलीच्या एका अंगाला लांबीभर धरला होता. उरलेल्या जागेत तिने नळाचे पाणी भरले. अशी बाटली डोंगरावर पहिल्या तासापासून पाणी देते आणि तिसऱ्या तासालाही गार राहते. दोन बाटल्या तिने आपल्या पिशवीत ठेवल्या, दोन नवऱ्याच्या, मर्लच्या. मग दोन्ही पिशव्यांत मिठाच्या गोळ्यांची पुडी, एकेक संत्रे, चार तुकडे केलेले सँडविच आणि रुंद दातांचा प्लास्टिकचा कंगवा. कंगवा केसांसाठी नव्हता. मर्लच्या डोक्यावर विंचरण्याजोगे काही उरलेच नव्हते. चोया निवडुंगाचा काटेरी गोळा पोटरीला चिकटला की हाताने ओढणाऱ्याच्या हातालाही चिकटतो. कंगव्याचे दात त्याच्याखाली सारून तो उडवून द्यावा लागतो.

मर्ल स्वयंपाकघरात आला, तेव्हा त्याच्या वाडग्यात ओटची लापशी होती आणि वाडग्याशेजारी रक्तदाबाची गोळी. त्याने क्लबचा वाळूच्या रंगाचा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणे लावून. रेडिओवरची बाई सांगत होती की आज पारा एकशे दहाच्या वर जाईल. फिनिक्समध्ये हवेचा ताप माणसाच्या तापाच्याच मापाने मोजतात, आणि जून महिन्यात तो अशा आकड्यावर असतो की माणसाला तितका चढला तर घरचे लोक वकिलाला बोलावतील.

"आज पाणी पी हं," इडेला म्हणाली.

"पितो की."

"पितोस म्हणजे ओठ ओले करतोस. मागच्या मंगळवारी खाली येऊन दीड बाटली ओतलीस झाडाला."

"पावणेदोन," मर्लने दुरुस्ती केली. त्याच्या आवाजात एक कोवळा अभिमान होता. बहात्तराव्या वर्षी तो फार थोड्या गोष्टींबद्दल वाटावा अशी त्याची परिस्थिती होती, म्हणून इडेलाने तो त्याला राहू दिला. तिने त्याच्या पिशवीचा पट्टा सरळ केला आणि दिवा मालवला.

डोंगराच्या पायथ्याशी, मोटारी लावण्याच्या जागेजवळ, पालो वर्देचे एक झाड होते. पालो वर्दे पदभ्रमण क्लबने ते स्थापनेच्या वर्षी लावले, आणि असा रिवाज घातला की डोंगर उतरून आल्यावर प्रत्येकाने आपले उरलेले पाणी त्याच्या बुंध्याशी ओतावे. मूळ हेतू भूतदयेचा होता. परंतु निवृत्त माणसांच्या संघटनेत कोणतीही दया फार दिवस निर्हेतुक राहत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्यांच्या ध्यानात आले की ज्याची बाटली जास्त वेळ ओतत राहते, तो जास्त कणखर दिसतो. दुसऱ्या उन्हाळ्यापासून लोक एकमेकांच्या धारेकडे तिरप्या नजरेने पाहू लागले. आता क्लबमध्ये पाणी पिणे हे जाहीरपणे आरोग्याचे लक्षण मानले जात असे आणि मनातून अननुभवाचे. झाडाने मात्र उत्तम बाळसे धरले होते. क्लबचा भरपूर पाणी पिणारा एकमेव सभासद म्हणजे ते झाड.

क्लबचा दुसरा मान त्याहून मोठा होता. क्लबघराच्या दारावर एक पाटी होती: 'हाकेविना दिवस', आणि त्याखाली आकडा. क्लबने मदतदलाला शेवटची हाक मारली त्याला इतके दिवस झाले. हा आकडा आज तीन हजार सहाशे अठ्ठेचाळीस होता. शनिवारी दहा वर्षे पुरी होणार होती. केक सांगून ठेवला होता, आणि शहराच्या वर्तमानपत्रातून कोणीतरी येईल अशी अध्यक्षांना आशा होती. पाटी मर्लने रंगवली होती. चौतीस वर्षे त्याने दुकानांच्या पाट्या हाताने रंगवल्या. मग छापील प्लास्टिक आले, आणि अकरा वर्षांपूर्वी त्याने आपले दुकान टायरवाल्याला विकले. त्यानंतर त्याच्या हातची एवढी एकच पाटी या शहरात रोज कोणीतरी वाचत होते. आकडा बदलायला तो रोज सकाळी स्वतः जाई. शनिवारसाठी '१०' हा आकडा त्याने सोनेरी वर्खात केला होता, आणि तो गॅरेजमध्ये जुन्या चादरीखाली वाळत होता.

अध्यक्ष वेन्डेल क्रॅग्नेस सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी आयुष्य एका शाळेच्या मुख्याध्यापकपदी काढले होते, आणि शाळा सुटली तरी शिट्टी गळ्यातून सुटली नव्हती. त्या सकाळी त्यांनी नऊ डोकी मोजली, स्वतःचे दोनदा मोजले, पुन्हा मोजली.

"शनिवारच्या सन्मानार्थ आज आपण मोठा फेरा घेणार आहोत," ते म्हणाले. "जावेलीना खिंड, आणि पलीकडच्या अंगाने उतरण. कोणाची हरकत?"

हरकत इडेलाची होती. शहराच्या पाणी खात्यात सव्वीस वर्षे तिने घरोघर फिरून मीटर वाचले होते. उन्हाशी तिची ओळख पगारी होती, छंदाची नव्हती. पण क्लबमध्ये ती 'शेपूट' होती. शेपटाने सर्वांच्या मागे चालायचे, कोणी मागे राहिले तर थांबायचे आणि वाटेबद्दल मत द्यायचे नाही.

"हरकत घेणाऱ्याला केकचा तुकडा नाही," बक स्कॅग्ज म्हणाला. बक विम्याचे काम करीत असे. त्याच्या डाव्या गुडघ्यात धातू होता आणि बोलण्यातही थोडा. सगळे हसले आणि चालू लागले.

पहिले दोन तास सुंदर गेले, हे मान्य केले पाहिजे. सूर्य वर येईपर्यंत डोंगर निळसर होता. लावे पक्ष्यांची एक रांग वाट ओलांडून गेली, सर्वांत मागे एक पिल्लू धडपडत. सग्वारो निवडुंग हात वर करून उभे होते. खाली शहर सपाट पसरले होते आणि त्यातले पोहण्याचे तलाव एकामागून एक चमकू लागले होते. मर्ल दुसऱ्या क्रमांकावर, वेन्डेलच्या मागे चालत होता. वळणावर इडेलाला तो दिसे. त्याचा हात बाटलीकडे गेलेला तिला एकदाही दिसला नाही.

साडेआठच्या सुमारास ते खिंडीत पोचले. तिथे दुसऱ्या एका वाटेने सहा तरुणी आलेल्या होत्या. सगळ्यांचे शर्ट भडक गुलाबी होते, आणि त्यातल्या एकीने टोपीला पिनांनी पांढरी जाळीची ओढणी लावली होती, म्हणजे ती नवरी. लग्नाआधी मैत्रिणींना घेऊन या शहरात येण्याची चाल आहे, आणि आल्यावर कोणीतरी त्यांना सांगते की डोंगर फुकट आहे. प्रत्येकीच्या हातात पाण्याची एकेक लहान बाटली होती. एकीच्या हातात बर्फ घातलेली कॉफी होती.

कॉफीचा पेला पाहताच वेन्डेलच्या चेहऱ्यावर कर्तव्य उगवले.

"मुलींनो, एक मिनिट."

ते मिनिट पंचवीस मिनिटे चालले. वेन्डेल यांनी मुलींना खडकाच्या सावलीत उभे केले, कारण विद्यार्थ्यांना आराम हवा. खिंडीत सावली तेवढीच होती, म्हणून क्लबचे सभासद समोर उन्हात रांगेत उभे राहिले. वाळवंटात माणसाला तासाला किती पाणी लागते; घाम आपल्याला कळायच्या आत कसा वाळतो; दर वर्षी बाहेरगावचे लोक कसे उचलून खाली न्यावे लागतात; आणि क्लबने तीन हजार सहाशे अठ्ठेचाळीस दिवसांत एकदाही हाक कशी मारलेली नाही. तळटीपा व्हर्लीन देत होती. व्हर्लीन क्लबची चिटणीस. वजन साधारण पन्नास किलो, त्यातले पाचेक किलो प्लास्टिकचे आवरण घातलेल्या नियमांच्या पत्रकांचे.

"आणि हे आमचे मर्ल," वेन्डेल म्हणाले. "वय बहात्तर. मर्ल, पिशवी उघडून दाखव."

मर्लने पिशवी उघडली. दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. रांगेतून टाळ्या आल्या.

"तीन तास चालल्यावर!" वेन्डेल म्हणाले. "याला म्हणतात शिस्त."

कॉफीवाली मुलगी बराच वेळ बाटल्यांकडे पाहत होती. तिचे नाव ब्रीना, आणि ती आयोवाची होती, असे वेन्डेल यांनी हजेरी घेताना समजले होते. "पण आजोबा," ती मर्लला म्हणाली, "मग तुम्ही ते पीत का नाही?"

क्लब मनमुराद हसला. अशा प्रश्नांवर हसण्याची क्लबला सवय होती. मर्लही हसला, परंतु थोडा उशिरा, इतरांचे हसणे संपत आल्यावर. इडेलाने ते पाहिले. तिने स्वतःची बाटली त्याच्यापुढे धरली. त्याने ती हाताने बाजूला सारली. "सगळ्यांसमोर काय गं," तो हळूच म्हणाला.

मुलींनी निमूटपणे आपापल्या बाटल्या संपवल्या. क्लब पुढे निघाला.

उतरणीला लागून अर्धा तास झाला तेव्हा इडेलाला समोरच्या रांगेत मर्ल तिसऱ्या, मग पाचव्या, मग सर्वांत मागच्या जागी दिसला. त्याचा डावा पाय वाटेच्या कडेला घासत होता. त्याच्या शर्टाची पाठ कोरडी होती. बाकी सगळ्यांच्या पाठींवर घामाचे नकाशे उमटले होते.

"मर्ल, थांब. बस इथे."

"थांबतोच आहे," तो म्हणाला आणि खरोखर थांबला. मग गुडघ्यांवर आला, मग बाजूला कलला.

इडेलाने त्याला एका खडकाच्या कुशीत ओढले. सावली चटईएवढी होती. त्याची कातडी तापलेल्या तव्यासारखी लागली, आणि कोरडी. तिने त्याच्या शर्टाची बटणे काढली, त्याच्या पिशवीतून त्याचीच बाटली काढली आणि त्याच्या मानेवर, छातीवर, काखांत ओतू लागली.

"अगं, पिण्याचं पाणी आहे ते!" वेन्डेल धावत येत ओरडले.

"पीत कोण होतं?" इडेला म्हणाली.

मर्लने डोळे उघडले. त्याने तिचे मनगट धरले, आणि त्याच्या बोटांत अजून पुष्कळ जोर होता. "फोन करू नकोस," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत नको. इडी, माझ्यामुळे नको. मला शब्द दे."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे फारसे काही मागितले नव्हते. दुकान गेले तेव्हाही नाही. चादरीखालचा सोनेरी आकडा तिला आठवला. तिने होकारार्थी मान हलवली. हे तिने करायला नको होते, आणि ते तिला त्याच क्षणी समजले. तरीही ती पुढे बराच वेळ त्या मान हलवण्याला बांधलेली राहिली.

सभा भरली. या लोकांना दुसरे काही सुचणे शक्य नव्हते.

"दहा मिनिटं विश्रांती, मग चालेल तो," वेन्डेल म्हणाले. "मर्ल आहे तो. मर्ल!"

"चालतोय कसला," बक म्हणाला. "बघ की त्याच्याकडे. फोन करा सरळ."

"नियम आठ," व्हर्लीन म्हणाली. पत्रक तिच्या हातात आलेच होते. "सभासदाने मदतदलाला हाक मारल्यास गणना शून्यापासून सुरू होईल."

"आणि दल आपणहून आलं तर?"

"आपणहून कसं येईल, वेन्डेल?" बक म्हणाला. "हेलिकॉप्टर आहे ते. गल्लीतली आइस्क्रीमची गाडी नव्हे."

"मी फक्त सर्व शक्यता तपासतोय."

"तपास. तोवर तो शिजेल."

"भाषा, बक!"

शेवटी डोली करायचे ठरले. क्लब दर जानेवारीत डोलीचा सराव करीत असे: चालायच्या चार काठ्या, दोन जाकिटे, बाह्यांतून काठ्या ओवायच्या. सराव क्लबघराच्या गालिच्यावर होई आणि आजारी माणूस नेहमी व्हर्लीन असे. त्या सरावात क्लब तरबेज होता. परंतु आज जूनमध्ये जाकिटे कोणाजवळ नव्हती, म्हणून शर्ट काढावे लागले. चार वृद्ध पुरुष पांढऱ्या गंजिफ्रॉकांत उभे राहिले आणि नव्वद किलोचा मर्ल त्यांनी शिट्टीच्या तालावर उचलला. खरेच उचलला; प्रामाणिकपणे, दात आवळून. अकरा पावले त्यांनी टाकली. त्या अकरा पावलांत त्यांच्यापैकी एकाच्याही मनात पाटी नव्हती, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. बाराव्या पावलाला एक काठी वाकली, बकचा गुडघा बसला, आणि त्यांनी मर्लला जमेल तितक्या हळू खाली ठेवले. जिथे ठेवले तिथे सावली नव्हती. त्याला पुन्हा मागे, खडकाकडे, ओढत आणावे लागले.

यात वीस मिनिटे गेली.

इडेला आता दुसरी बाटली ओतत होती. तिने इतरांकडे हात केला, आणि बाटल्या आल्या. प्रत्येक जवळजवळ भरलेली. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. वेन्डेल यांची बाटली सर्वांत शेवटी आली. ती पूर्ण भरलेली होती, झाकणाचे सील शाबूत.

तेवढ्यात वरच्या वळणावर गुलाबी शर्ट दिसले. त्या पोरी आपल्या वाटेने परत जाण्याऐवजी क्लबच्या वाटेने आल्या होत्या. क्लब जातो ती वाट बरोबर असणार, असे त्यांना वाटले होते.

"अरे देवा," ब्रीना म्हणाली. "हे तेच आजोबा ना? मदत बोलावली का तुम्ही?"

 व्हर्लीन पत्रकाकडे पाहत होती. तिने मान वर केली.

"वेन्डेल," ती हलक्या आवाजात म्हणाली. "नियमात 'सभासदाने' असं आहे."

"म्हणजे?"

"या मुली सभासद नाहीत."

वेन्डेल यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो पाहून कोणालाही वाटले असते की मर्लचा ताप उतरला. ते गंजिफ्रॉकवरच ब्रीनाकडे गेले. शिट्टी छातीवर डुलत होती.

"बाळ, फोन आहे ना तुझ्याजवळ? इथे लागणार नाही, त्या पुढच्या उंचवट्यावर लागतो. जाऊन एक फोन करायचा. म्हणायचं, आम्हाला वाटेत एक वृद्ध गृहस्थ सापडले."

"सापडले? तुम्ही आठ जण आहात इथे!"

"आम्ही नंतर आलो, असं समज."

"नंतर कसे? आम्ही आलो तेव्हा तुम्ही होतात."

"तुला वाक्य कळलं का? म्हणून दाखव बघू. आम्हाला वाटेत..."

"अहो काका, मी करते फोन, पण खोटं कशाला बोलू? ते विचारतील कधीपासून असं झालंय, मी काय सांगू?"

"ते माहीत नाही म्हणायचं. क्लबचं नाव अजिबात घ्यायचं नाही. पुन्हा एकदा, सावकाश."

"नका ऐकू त्याचं," बक जमिनीवरून गुडघा दाबत म्हणाला. "जा पोरी, पळ."

"बक, मी बोलतोय!"

ब्रीनाने फोन काढला. तो बंद पडलेला होता. सकाळपासून तिने त्यावर एकशे चाळीस छायाचित्रे काढली होती. नवरीचा फोन ब्रीनाच्या पिशवीत, पिशवी तिसरीकडे, तिसरी अजून वरच्या वळणावर बुटातला खडा काढीत बसलेली. वेन्डेल म्हणाले, हरकत नाही, तोवर वाक्य पाठ होईल.

"इडी," मर्ल म्हणाला.

"इथेच आहे मी."

"दुकानाचं शटर ओढलं का?"

इडेलाचा हात थांबला.

"पाऊस आत येईल," तो म्हणाला. त्याचे डोळे तिच्यावर होते पण ती त्यांत नव्हती. "लाल रंग ओला आहे अजून. शटर ओढ."

पाणी खात्यात ऑर्व्हिल नावाचा एक जण तिच्याबरोबर मीटर वाचायचा. एका जुलैमध्ये, एका गल्लीच्या तोंडाशी, त्याने तिला विचारले होते की आईने कुत्र्याला आत घेतले का. ती हसली होती. तिला वाटले, थट्टा करतोय. पुढचे दार वाजवून, मीटर वाचून ती परत आली, तेव्हा तो कुंपणाला टेकून बसलेला होता आणि पुन्हा काही बोलला नाही. त्याच्या पिशवीतही पाणी सापडले होते.

मर्लच्या बोटांनी तिचे मनगट पुन्हा धरले होते; ती बोटे तिने सोडवली. आता त्या बोटांत जोर नव्हता. ती सहज सुटली. तिने नवरीकडे पाहिले. ती मुलगी केव्हाची तिच्याशेजारी उकिडवी बसून होती, आणि तिने टोपीवरची पांढरी जाळी काढून घेतली होती.

"भिजव ती," इडेला म्हणाली. "मानेवर धर, मग काखेत, मग पुन्हा मानेवर. टोपीने वारा घाल. पाणी भरपूर आहे, हात आखडू नकोस. थांबायचं नाही."

"नाही थांबत," नवरी म्हणाली.

इडेला उठली. गुडघ्यांवरची वाळू झटकण्यात तिने वेळ घालवला नाही. वेन्डेल यांची पाठ तिच्याकडे होती; ते ब्रीनाला 'गृहस्थ' हा शब्द 'माणूस' या शब्दापेक्षा का बरा ते समजावत होते. ती त्यांच्यामागून गेली. बकने तिला जाताना पाहिले आणि पाय आखडून वाट दिली. उंचवट्यावर वारा होता, गरम, चुलीच्या तोंडातून आल्यासारखा. कमरेच्या थैलीतून तिने फोन काढला, आणि पहिल्याच घंटीला पलीकडून बाईचा आवाज आला.

"जावेलीना वाट, उतरणीचं अंग, खांब क्रमांक सतरा," इडेला म्हणाली. मीटरचे आकडे सांगावेत तसे तिने एकेक सांगितले. "पुरुष, वय बहात्तर. घाम थांबलाय. कातडी तापलीय. बोलणं भरकटलंय. चालता येत नाही. रक्तदाबाची गोळी घेतो, सकाळी घेतलीय."

"तुम्हाला ते आत्ता सापडले का?"

"नाही. मी त्यांची बायको. आम्ही एकत्र आलो. पालो वर्दे क्लब, नऊ जण."

"असं होऊन किती वेळ झाला?"

"पस्तीस मिनिटं."

पलीकडे टंकनाचा आवाज थांबला. "पस्तीस? फोन लागत नव्हता का?"

"लागत होता," इडेला म्हणाली. "करायचा की नाही, यावर आमची चर्चा चालली होती."

टंकनाचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग तिने विचारले, "जवळ पाणी आहे का?"

"भरपूर आहे."

"अंगावर ओतत राहा. ते पूर्ण शुद्धीवर नसतील तर पाजू नका. पथक निघालंय. हेलिकॉप्टर वरून दिसेल, तेव्हा कोणीतरी उघड्यावर उभं राहून भडक कपडा हलवा. आहे का काही भडक?"

इडेलाने खाली पाहिले. "गुलाबी शर्ट आहेत," ती म्हणाली. "सहा."

तिने फोन थैलीत ठेवला आणि आली तशीच परत गेली. वेन्डेल आता त्या तिसऱ्या मुलीची वाट पाहत उभे होते आणि ब्रीना हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत होती. "पुन्हा म्हण," ते म्हणत होते. "आम्हाला वाटेत..." इडेलाने ब्रीनाच्या दंडाला स्पर्श केला, मोकळ्या उतारावरच्या सपाट दगडाकडे बोट दाखवले आणि तिच्या कानात दोन वाक्ये सांगितली. मुलगी धावत सुटली, आणि तिच्यामागे बाकीच्या.

मग इडेला नवऱ्याच्या डोक्याशी बसली, ऊन त्याच्या तोंडावर येणार नाही अशी. नवरीच्या हातातली जाळी तिने घेतली, पिळली, वेन्डेल यांच्या बाटलीत बुडवली, आणि मानेपासून पुन्हा सुरुवात केली.